उपाशी यीस्ट

दवाखान्यात बेकरीवाला भाजलेला हात सांभाळत नंबराची वाट बघत होता. शेजारच्या बाकावर, नुकत्याच तपासून बाहेर आलेल्या सासूबाई आणि त्यांची मधली सून औषधांच्या चिठ्ठीसाठी थांबल्या होत्या. यीस्टचं नाव निघालं तसे त्यानं कान टवकारले.

"माझ्या ऑपरेशनपायी तू आठवडाभर घरी होतीस. प्रयोगशाळेतलं तुझं यीस्ट उपाशीच राहिलं असेल."

"राहिलं. साखर पार संपली होती."

"मग मेलं?"

"नाही. काल जाऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं, तर गुणसूत्रांची टोकं एकत्र आलेली."

"मला कळेल असं सांग."

"पेशीत एक खोली आहे समजा, आई. तिच्यात धागे. खायला भरपूर असलं की धाग्यांची टोकं भिंतींना चिकटून, आपापल्या कोपऱ्यात. उपासमार झाली की सगळी मधोमध येऊन बसतात."

"भांडत नाहीत?"

"अजून तरी दिसलं नाही."

"बरं, त्यानं होतं काय?"

"अशा पेशी जास्त दिवस तग धरतात."

"आणि परत साखर घातली की?"

"पुन्हा भिंतीला."

सासूबाईंनी पिशवीतून फोन काढून सुनेच्या हातात दिला.

"थोरल्याला फोन लाव. मग धाकट्याला. ऑपरेशनला आले होते दोघं, पण एक सकाळी, एक संध्याकाळी."

"काय सांगू?"

"आईनं अन्न सोडलंय म्हण."

"अहो, आत्ताच तर डॉक्टर म्हणाले, सगळं खा!"

"येऊ देत दोघं एका खोलीत. मग खाते."