फ्रीजवरचे देव आणि स्वस्तातलं ड्रिल

नाही, पण मी म्हणते, देवानं तरी फ्रीजवर किती दिवस बसायचं? तुम्हाला सांगते, फ्रीजची मोटर सुरू झाली की देव थरथरायचे, दिव्याची ज्योत नाचायची, आणि मी हात जोडून डोळे मिटले की नेमकं तेव्हाच आमच्या घरातलं कुणीतरी दूध काढायला दार उघडणार... कुणीतरी म्हणजे कोण, हेच, आम्ही दोघंच तर आहोत... आणि दाराच्या हिसक्यानं देव असे पुढे झुकणार, जणू विचारतायत, काय काढलंस रे, मलाही दाखव! अशानं मन लागतं का कुणाचं?

कंपनीच्या घरात कोनाडा होता. हे निवृत्त झाले, ते घर सोडावं लागलं, आणि या नव्या दोन खोल्यांत कोनाडा सोडा, भिंतीत एक खिळासुद्धा नाही. एक फळी लावायची होती हो. एक फळी, दोन लोखंडी कोन, चार भोकं. एवढ्यासाठी कुणी संकल्प सोडतं का? मी सोडला. म्हटलं, देवा, तुझी फळी भिंतीला लागेपर्यंत चहा घेणार नाही. इथवर ठीक होतं. पण माझी जीभ थांबेल तर ना! पुढे म्हणाले, आणि ती फळी यांच्याच हातानं लागू दे.

झालं. सुताराचा रस्ता मीच बंद केला.

नणंद फोनवर म्हणाली, "वहिनी, तू पण ना! दादाच्या हातानं? त्यापेक्षा चहाला कायमचा नमस्कारच कर की." सख्खी बहीण बोलते हं ही! पण मी का म्हणाले ते तिला कसं सांगू? निवृत्त झाल्यापासून हे खिडकीशी खुर्ची टाकून बसायचे. पेपर हातात, पान तेच. एकदा मी हाक मारली तर म्हणाले, अगं, आता मला हाक मारून काय उपयोग, बाजाराचं काम असलं तर सांग. माणसाच्या हाताला काम हवं असतं, आणि ते पिशवी धरण्याचं नाही. म्हणून म्हणाले मी तसं. चहा काय, मिळेल. आज ना उद्या मिळेल.

हे होते कारखान्यात स्टोअरकीपर. म्हणजे आयुष्यभर जाळीच्या खिडकीतून लोकांना हत्यारं दिली. अमुक नंबरचा पाना, तमुक मापाचं ड्रिल, संध्याकाळी परत आणायचं, घासूनपुसून आणायचं. सगळ्या हत्यारांची नावं पाठ, पण चालवलेलं एकही नाही. मोठ्या ऐटीत दुकानात गेले आणि घेऊन आले काय, तर सगळ्यांत स्वस्त ड्रिल मशीन. पिवळंजर्द, मुलांच्या खेळण्यासारखं. मी म्हटलं, अहो, जरा बरं तरी घ्यायचं. तर म्हणाले, "अगं, रोज थोडंच लागणार आहे?"

हे वाक्य लक्षात ठेवा. या वाक्यानं माझा चहा खाल्ला.

समोरच्या दारात इंजिनीअरसाहेब राहतात. ते मशीन बघायला आले, हातात घेऊन वजन पाहिलं, आणि असे कीव आल्यासारखे हसले, की मला वाटलं आमच्याकडे कुणी आजारी आहे. म्हणाले, "स्वस्तातलं म्हणजे एका भोकाचा धनी हो. माझ्याकडचं बघा, परदेशी आहे." बघितलं ना. मखमलीच्या पेटीत झोपलंय. मी सहज विचारलं, यानं तुम्ही काय काय केलंत? तर म्हणाले, अजून तसा प्रसंग आला नाही. म्हणजे बघा, महागातलं वापरायला जीव होत नाही आणि स्वस्तातलं वापरायला लाज वाटते, मग भिंतीला भोक पाडायचं कुणी? पण मागितलं असतं तर दिलं असतं का? पेटीचं झाकण त्यांनी इतक्या घाईनं लावलं की मी विचारलंच नाही.

तर सकाळी आंघोळ करून, देवाला हात जोडून, यांनी काम सुरू केलं. आमच्याकडे नवी वस्तू आधी देवापुढे जाते. माझा नेमच आहे, रोज पहाटे सगळं घर पुसायचं, आणि देवापुढे जे असेल ते ओल्या फडक्यानं पुसून मगच तिथे ठेवायचं. तसं मशीनही पुसलं, ठेवलं, हळदीकुंकू तेवढं लावलं नाही, कारण हे ओरडले, मोटरमध्ये जाईल म्हणून. मग हे स्टुलावर चढले, मी स्टूल धरलं. घर्रर्र... असा आवाज की समोरचं दार उघडलं आणि धाडकन बंद झालं. हे जोर लावतायत, मशीन ओरडतंय, काळा धूर, जळका वास, आणि खाली उतरून बघतो तर भिंतीवर काय? टिकलीएवढा काळा डाग!

"टोक बोथट असेल," हे म्हणाले. नवं टोक आणलं, चांगल्यातलं. टिकली थोडी मोठी झाली.

"विजेचा दाब कमी असेल." वायरमनला बोलावलं, बटण बदललं. टिकली तेवढीच.

मग हे मशीन घेऊन दुकानात. दुकानदारानं उचललं, इकडे तिकडे बोटं फिरवली, लाकडाच्या ठोकळ्यात घुसवलं, लोण्यात सुरी जावी तसं आरपार! "काका, मशीन झकास आहे, तुमचा हात बसू द्या," म्हणाला. संध्याकाळी हे हिरमुसले होऊन परत. सकाळी मी घर पुसलं, मशीन पुसलं, देवापुढे ठेवलं, यांनी उचललं... टिकली! पुन्हा दुकान, तिथे लोणी. पुन्हा घर, इथे टिकली. तिसऱ्या खेपेला दुकानदार लांबूनच म्हणाला म्हणे, या काका, ठोकळा तयार ठेवलाय.

आणि गंमत सांगू? काढायच्या कामाला तेच मशीन वाघ! स्क्रू फिरवायचं टोक लावलं की काढायला एक नंबर. कपाटाच्या मुठी काढल्या, मोरीच्या दाराची कडी काढली, खिडकीची जुनी जाळी काढली, सगळं कसं सुर्रकन. हे खूश. पण तेच स्क्रू परत बसवायला गेले की ते जागच्या जागी गरगर फिरायचे, आत जायचं नाव नाही. मग मी ते हातानं बसवायचे, पेचकसानं, एकेक. म्हटलं, हे कसलं हो मशीन, नुसतं मोडायला शिकलेलं? तर म्हणतात कसे, "स्वस्तातलं आहे, अर्धंच काम करणार. आणि रोज थोडंच लागणार आहे?"

अहो, रोजच लागत होतं की!

इकडे माझं डोकं. चहा सोडून बघा एकदा, मग बोला. दुपारी चार वाजता सगळ्या इमारतीतून चहाचा वास येतो, आणि आपण ताकाचा पेला घेऊन देवाकडे बघत बसायचं. यांनी तर स्वतःचा चहा जिन्यात नेऊन प्यायला सुरुवात केली, मला वास येऊ नये म्हणून. जिन्यात उभं राहून चहा पिणारा नवरा पाहिलाय कधी? समोरचे विचारतात, काय, घरात भांडण? हे म्हणतात, नाही, फळी.

मग एक दिवस यांनी मशीन खोक्यात घातलं, वायर गुंडाळली, वरून सुतळी बांधली. म्हणाले, "सुताराला बोलाव. माझ्या हातून काही होत नाही आता."

तुम्हाला सांगते, धूर निघाला, वास आला, भिंत माखली, तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. पण त्या सुतळीची गाठ मी लगेच सोडायला घेतली. मशीन बिघडलं तर दुसरं आणता येतं. हा माणूस पुन्हा खिडकीशी जाऊन बसला, तर त्याला उठवायला मी काय सोडू? जेवण?

मी म्हटलं, अहो, एकदा. शेवटचं. माझ्यासाठी नको, फ्रीजवर बसलेत त्यांच्यासाठी. कुरकुरत का होईना, चढले. मी स्टूल धरलं. घर्रर्र, धूर, वास, सगळं यथासांग. यांनी बोट उचललं, मशीन हळूहळू थांबायला लागलं, आणि थांबता थांबता ते टोक मला फिरताना दिसलं. लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडताना मनगट वळतं ना, तसं ते वळत होतं. उघडताना! लावताना नव्हे!

मी हळूच म्हटलं, "अहो, हे झाकण उघडल्यासारखं का फिरतंय?"

यांनी स्टुलावरूनच टोक निरखलं. मग मशीन डोळ्यांजवळ नेलं. चापाच्या वर एक बारीक बटण होतं, एकीकडून आत ढकललं की दुसरीकडून बाहेर येणारं. यांनी ते दाबलं. घर्रर्र... आणि टोक भिंतीत गेलं! लोणी! विटांचा लाल भुगा माझ्या केसांवर, तोंडावर, आणि मी स्टूल धरून रडतेय की हसतेय मला कळेना.

दुसरं भोक पाडायच्या आधी यांनी वरून विचारलं, "पण दुकानात सरळ असलेलं हे बटण घरी रोज उलटं करतं कोण?"

भुगा पुसायला घेतलेलं फडकं माझ्या हातात होतं. मी फडक्याकडे पाहिलं, यांनी फडक्याकडे पाहिलं. आता पहाटे पुसताना ते बटण पुढच्या अंगानं बाहेर आलेलं असलं की बोटाला टोचायचं, मग मी आपलं नीट आत ढकलायचे; मागून बाहेर येतं ते मला कुठे दिसणार? वस्तू देवापुढे ठेवायची तर अशी एका अंगानं बाहेर आलेली बरी दिसते का?

हे स्टुलावर बसले आणि हसायला लागले. इतके हसले की समोरचं दार पुन्हा उघडलं. कंपनीचं घर सोडल्यापासून हा आवाज मी ऐकला नव्हता. म्हणाले, "जन्मभर लोकांना दटावलं, हत्यार पुसून परत करा. बायकोनं तेवढं ऐकलं."

लागली फळी. किंचित उजवीकडे कलली आहे, दिव्यातलं तेल त्या बाजूला जमतं, पण देव आता हलत नाहीत. दार उघडलं तरी नाही. आणि मी चहा केला. आधी कप देवापुढे ठेवला, तो उजवीकडे घसरायला लागला तसा पटकन उचलला आणि तिथेच, उभ्याउभ्या प्यायले. काय सांगू तुम्हाला... डोळ्यांत पाणी आलं, जीभही भाजली.

तर स्वस्तातलं घ्यावं की नाही? घ्या बाई, खुशाल घ्या. टोक तेवढं चांगल्यातलं घ्या, आणि बटण बघून घ्या.

आता यांच्या हाताला गुण आलाय. काल स्वयंपाकघरातली चहासाखरेची मांडणी उतरवली, म्हणाले, नव्यानं लावतो, सरळ. उतरवली सुर्रकन. पण लावायच्या आधी म्हणे सरळ आहे का ते बघायला पाणसळ हवी, करवतीचं मशीन हवं, आणि घासायचंही एक मिळतं, स्वस्तात, पिशवी घेऊन निघालेसुद्धा. मी विचारलं, अहो, तोवर चहाचे डबे कुठे ठेवू?

जिन्यातून ओरडले, "ठेव गं फ्रीजवर, रोज थोडंच लागणार आहे?"