थोडक्यात सांगायचं भरताचं दुखणं

थोडक्यात! घरातून निघाल्यापासून एकच जप चाललाय, आबा, डॉक्टरांना थोडक्यात सांगा, मुद्द्याचं सांगा, फाटे फोडू नका... आता मला सांगा, मी कधी फाटे फोडतो? सरका जरा तिकडे, बसतो. तुमचा नंबर कितवा? म्हणजे माझ्या पुढेच आहात, मग वेळ आहे. तुम्हाला सांगतो, थोडक्यात सांगतो.

मी नवल चौधरी, यावलकडचा, केळीवाला. दुखणं म्हणाल तर दुखतच नाही, हेच दुखणं! तळपायाला कापूस बांधल्यासारखं वाटतं. पोळ्याच्या आसपासची गोष्ट, स्टँडवर उतरलो, चालत घरी आलो, ओट्यावर बसलो, तर आमच्या सुगंधाबाई म्हणजे आमचं कुटुंब माझ्या पायाकडे बघतंय. एका पायात चप्पल, दुसरा मोकळा! कुठे गळाली, कधी गळाली, पत्ता नाही. बरं चप्पल नवी होती हो, जुनी असती तर एवढा गवगवा झालाच नसता. यावलचा डॉक्टर म्हणाला, आबा, साखरेनं पायाच्या नसा खाल्ल्या, जळगावला नसांच्या डॉक्टरला दाखवा. तेव्हापासून घरात माझी तयारी सुरू. अहो, बारावीला नसेल पोराची एवढी तयारी करून घेत कुणी!

तयारीची मास्तरीण आमची सून, कामिनी. हुशार आहे, पण स्वभावानं फौजदार. रोज संध्याकाळी ती खुर्चीवर डॉक्टर होऊन बसायची, मी समोर पेशंट. "हं, काय त्रास आहे?" मी सुरू करायचो, त्या दिवशी मी स्टँडवर उतरलो, गाडीत फैजपूरचे एक गृहस्थ भेटले होते, त्यांच्या पोरीचं... की लगेच हिचा हात वर. "आबा, वेळ संपला. पुढचा पेशंट." आणि पुढचा पेशंट म्हणून आमचा योगराज, माझा पोटचा पोरगा, खरंच पुढे येऊन बसायचा! बापाचं दुखणं राहिलं बाजूला, यांची नाटकमंडळी.

बरं, सल्ले देणारे गावात कमी आहेत का? छगन म्हणे काशाच्या वाटीनं तळपाय घासा, डॉक्टरची गरजच नाही. पण खरं कामाचं बोलला तो सोनगीरचा आमचा मेहुणा, अभिमन. तो जाऊन आलेला ना धुळ्याला असल्याच डॉक्टरकडे. फोनवर म्हणाला, "भाऊ, तो गुडघ्यावर हातोडी मारतो. पाय उडाला तर पास. नाही उडाला तर मशीनमध्ये घालतो, विजेचे चटके देतो." झालं! मी म्हटलं आपण नापास व्हायचं नाही. घरचे मला दुखणं सांगायला शिकवताहेत, आणि मी आपला पास व्हायची तयारी करतोय. दुपारी सगळे शेतात गेले की खाटेवर बसायचं, लाटणं गुडघ्यावर मारायचं आणि पाय झाडायचा. लाटणं, पाय. लाटणं, पाय. असा हात बसला म्हणून सांगू, एकदा तर लाटणं लागायच्या आधीच पाय उडाला. समोर वाळत घातलेले ज्वारीचे पापड होते. होते.

थोडक्यात सांगतो, तर कामिनीनं मोबाइलवर बघून नवीन टूम काढली. माझ्या डोळ्यांवर रुमाल बांधला, आणि केरसुणीची काडी तळपायाला लावून विचारायची, लागलं का? आता रुमाल काय हो, नाकाजवळ फट राहतेच. ती काडी लावली की मी म्हणायचो, लागलं. नाही लावली की गप्प. पैकीच्या पैकी! कामिनी खूश, योगराज खूश, मी तर जिंकलोच. म्हटलं चला, जळगावचं भाडं वाचलं.

तेवढ्यात सुगंधाबाईंनी माझ्या हातात चहाचा पेला दिला. स्टीलचा. मी तो धरला, रुमाल अजून डोळ्यावर, एक घोट घ्यायच्या आधी सहज म्हणालो, काय गं, चहा गार करून दिलास का?

मी रुमाल वर केला. पेल्यातून वाफ निघत होती हो, नुसती भसाभस... आणि तिघं माझ्या बोटांकडे बघत होती. कामिनी हळूच म्हणाली, "आबा, हातपण?"

आता इथे जरा सविस्तर सांगावं लागेल, इलाज नाही. तुम्ही भरीत खाता ना? खात असालच, जळगावात बसून नाही कुठं म्हणता! थंडीत आमच्या मळ्यात भरीत-पार्टी असते. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, आणि जाळातून काढल्या काढल्या सोलायची, तेव्हाच साल सुटते, तेव्हाच चव राहते. ते सोलणं हे माझं काम. पाण्यात बोट न बुडवता! तो आमच्या शेजारच्या मळ्यातला निंबा, तोही सोलतो, पण शेजारी पाण्याचा लोटा. एक साल काढली की बुडवलं बोट, हूहू करत. मी त्याला म्हणायचो, अरे निंबा, वांगं सोलतोस की अंघोळ करतोस? सुरत-पुण्याहून पाहुणे येतात ना, ते भरीत खायला येतात असं तुम्हाला वाटतं? माझे हात बघायला येतात. मोबाइल काढून उभे राहतात. आबा, भाजत नाही? मी नुसता हसायचो. मला वाटायचं, वर्षानुवर्षांची साधना आहे ही, हाताला वळण पडलंय, देवाची देणगी आहे...

आणि ती देणगी निघाली साखरेची!

मग कामिनीचं नवीन फर्मान. डॉक्टरांना पाय सांगायचा आणि हातही सांगायचा, नाहीतर एखाद्या दिवशी बोट जाईल आबा, आणि तुम्हाला कळणारसुद्धा नाही. मी म्हटलं, फक्त पाय सांगेन. थोडक्यात सांगा म्हणता ना? मग निम्मंच सांगतो! कारण हात सांगितला की डॉक्टर म्हणणार, जाळापाशी जायचं नाही. आणि येत्या रविवारीच पार्टी आहे. त्या जाळापाशी निंबा बसणार, लोटा घेऊन. पाहुणे विचारणार, आबा कुठेत? मला खोटं नाही बोलवत, भीती नसांची नव्हतीच मला. पार्टीत मला कुणी विचारणार नाही, याची होती.

आत्ता इथला जिना चढत होतो. पाय नीट पडत नाही म्हणून सुगंधाबाईंनी हात धरला होता. ती बघा, त्या बाकावर बसलीय, पिशवी घेऊन. मधल्या पायरीवर थांबली आणि म्हणाली, "डाक्टरले बठ्ठं सांगून द्या, पायबी, हातबी. तुमच्या बोटाचे फोड दरसाली मीच पाहते, मीच मलम लावते. तुमले कुठी समजते?" मी म्हणालो, अगं, मग पार्टीत मी करू काय? तर म्हणते, "माह्याजवळ बसा. पात निवडा."

आता बघा, लग्न झाल्यापासून प्रत्येक हिवाळ्यात ती बाई तिकडे बायांच्या घोळक्यात बसून भरतासाठी कांद्याची पात निवडते. मी कधी मान वळवून पाहिलं नाही हो तिच्याकडे. सगळं गाव माझे हात बघत होतं, आणि ती फोड मोजत होती. वाईट वाटलं मला. खरंच वाटलं.

तर ठरलं. सांगून टाकतो. पाय, हात, पेला, लाटणं, सगळं. सोलू दे निंबाला... हो हो, ऐकलं, चौधरी मीच, उठतोय! तुमचा नंबर गेला वाटतं बोलण्यात? माफ करा बरं का. थोडक्यात सांगतो आणि निघतो. जिन्यातच मी तिला ऐटीत म्हटलं, चल, पात तर पात, पण अशी बारीक चिरीन की पाहुणे विचारतील, कुणी चिरली? माझ्यासाठी एक चांगली धारेची विळी काढून ठेव.

तर म्हणते, "विळीले हात लावू नका. चिरीन मी. तुम्ही नुसत्या जुड्या सोडा."