आलेखातले आधीचे चार महिने

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कंपनीचे संचालक साहेब, सॉफ्टवेअर कंपनीकडून आलेले प्रमुख पाहुणे, माझे सगळे सहकारी, पिकवण खोल्यांमधली माझी मंडळी, पहिल्या रांगेत शाल गुंडाळून बसलेली माझी आई, आणि आजचा दुसरा सत्कारमूर्ती, म्हणजे माझा धाकटा भाऊ. सर्वांना नमस्कार.

एकाच हारवाल्याकडून दोन हार आले आहेत. एक मला निरोपाचा, एक त्याला कौतुकाचा. आईला सकाळपासून वाटतंय की दोन्ही मुलांचा सत्कार आहे, आणि मी तिला काही सांगितलेलं नाही.

पाहुण्यांसाठी आमच्या कामाबद्दल दोन शब्द. आमच्याकडे केळी येतात ती हिरवीगार आणि टणक. थंड खोल्यांत ती झोपून असतात. ज्या खोलीला ऊब द्यावी, तिथली केळी चार-पाच दिवसांत पिकून दुकानात जातात, आणि एकदा ऊब दिली की माघार नाही. आज किती खोल्या उबवायच्या, एवढाच रोज सकाळचा प्रश्न. कमी उबवल्या तर दुकानं रिकामी, जास्त उबवल्या तर काळी केळी मागच्या दाराने कचऱ्यात. अनेक वर्षं हा निर्णय माझ्याकडे होता. दुकानदारांना फोन करायचे, शाळांच्या सुट्ट्या बघायच्या, हवा बघायची आणि ठरवायचं. चुकायचेही. चुकले की घरी येऊन भांडी आपटायचे, हे माझा भाऊ सांगेलच.

त्याला इथे कॉम्प्युटर विभागात चिकटवला तो मीच. संचालक साहेबांना आठवत असेल, त्याच्यासाठी मी तुमच्या केबिनबाहेर ताटकळत बसले होते. पोरगा हुशार आहे, म्हटलं होतं. माझा शब्द त्याने खरा केला, यात शंका नाही.

मग आई न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. घरी कोण राहणार? तेव्हा हा मला म्हणाला, "ताई, खोल्या ठरवायचं माझं सॉफ्टवेअर ऐन भरात आलंय. आत्ता मी उठलो तर सगळं बारगळेल. तू काढ ना रजा." मी काढली. चार महिने. बहिणीने नाही करायचं तर कोणी करायचं? त्यात मला काही विशेष वाटलं नाही, आजही वाटत नाही.

इकडे माझं काम तीन पाळ्यांचे तीन मॅनेजर आलटून पालटून बघत होते. बिचाऱ्यांची छाती होईना. उगाच कमी पडायला नको म्हणून प्रत्येक जण एखादी खोली जास्तीची उबवायचा. मी त्यांना नावं ठेवत नाही. दुकान रिकामं राहिलं की लगेच फोन येतो, काळ्या केळ्यांसाठी कोणी फोन करत नाही. ती गुपचूप मागच्या दाराने जातात.

मी परत आले, त्याच सोमवारी सॉफ्टवेअर सुरू झालं. ते रोज सकाळी किती खोल्या उबवाव्यात ते सुचवायचं. खाली दोन बटणं, 'मान्य' आणि 'बदल'. कधी मी मान्य दाबलं, बरेचदा बदल दाबलं. त्याला नावं ठेवायची नाहीत मला. एकदा थंडीची लाट माझ्या ध्यानातून साफ निसटली होती, त्याने सांभाळून घेतलं. पण बटण कोणतंही दाबा, तो दिवस सॉफ्टवेअरच्या खात्यात जमा व्हायचा, हे मला माहीत नव्हतं.

ते कळलं गेल्या महिन्यात, याच सभागृहात. सॉफ्टवेअरने कंपनीचा किती फायदा झाला, हे भावाने पडद्यावर दाखवलं. फेकलेल्या केळ्यांचा आलेख. डावीकडे 'आधी', उंचच उंच. उजवीकडे 'नंतर', एकदम खाली. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, भाऊ आहे शेवटी. मग खाली बारीक अक्षरांत महिन्यांची नावं होती, ती वाचली, आणि माझे हात थांबले. 'आधी' म्हणून त्याने घेतले होते तेच चार महिने.

म्हणजे मंडळी, मी नसताना काय झालं आणि मी आल्यावर काय झालं, यातला फरक त्याने अगदी चोख मोजला. फक्त नाव दुसऱ्याचं लिहिलं. त्या आकड्यावर माझी जागा रद्द झाली. आता ते तीन मॅनेजर 'मान्य' दाबणार आहेत.

लिफ्टमध्ये मी त्याला विचारलं, "तुला माहीत होतं ना रे, मी कुठे होते?"

तो म्हणाला, "ताई, त्याआधीची सगळी माहिती जुन्या पद्धतीची आहे, जुळत नाही. हेच महिने स्वच्छ होते. तू मनाला लावून घेऊ नकोस."

मनाला लावून घेतलं आहे. काम गेल्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण परक्याने घालवलं असतं तर मी तणतणले असते आणि विसरले असते. माझ्या भावाने माझा विश्वासघात केला. आईचं अंथरूण मी बदलत होते, त्या दिवसांची त्याने मोजपट्टी केली. आणि त्या दिवसांत मी कुठे होते, हे या सगळ्या इमारतीत त्याच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

असो. इतकी वर्षं सांभाळून घेतल्याबद्दल कंपनीचे, पिकवण खोल्यांतल्या सगळ्यांचे आणि इथवर आलेल्या पाहुण्यांचे मनापासून आभार. आनंदाच्या प्रसंगी माझी जीभ जरा तिखट झाली, ते मोठ्या मनाने पोटात घाला.

आता माझ्यानंतर भाऊ बोलेल. तो आलेख आज पुन्हा दाखवायचा आहे, असं कार्यक्रमपत्रिकेत आहे. बाळा, जरूर दाखव. फक्त 'आधी' म्हणजे कोणते महिने ते सांगताना साहेबांकडे बघू नकोस, पहिल्या रांगेकडे बघ. आईला हल्ली कमी ऐकू येतं, जरा मोठ्याने सांग.