गजऱ्यांचं हेल्मेट

...आणि वर मलाच विचारतात, मिथुन, हेल्मेट नव्हतं का रे? अरे होतं ना! हँडलला लटकवलेलं. आत गजरे होते. हळदीचे गजरे पिशवीत चेंगरले असते, म्हणून हेल्मेटमध्ये ठेवले, काय चुकलं माझं?

तुमाला सांगतो, भाचीची हळद, मनस्वीची, तळवलीला, आणि मामानं एकच काम अंगावर घेतलेलं... नावड्याहून गोजराआत्याला आणायचं. आत्या धवलारीन. ती धवला गात नाही तोवर आमच्या आगऱ्यांत हळद लागत नाही, पोरगी पाटावर तशीच बसून राहते. ताईला म्हटलं, सहाला आत्या मांडवात, टेन्शन नको. आणि साडेपाचला ठाणे-बेलापूर रोडला, पुलाखाली, पोलिसानं हात केला.

दुसरा घाबरला असता. मी खूश! कायदा माहिताय ना मला! दोन वर्षं मोबाईलवर तेच व्हिडिओ बघतोय, चावी काढू देऊ नका, नाव विचारा, रेकॉर्डिंग करा... बायको म्हणते, एवढा अभ्यास दहावीला केला असता तर. मी मोबाईल काढला, रेकॉर्डिंग चालू केलं, म्हटलं, "चावीला हात लावायचा नाही." तो म्हणतो, "नाही लावत, दादा." म्हटलं, "नाव सांगा." त्यानं छातीवरची पाटी सरळ करून कॅमेऱ्यासमोर धरली. उदयसिंह घोरपडे. अहो, सज्जन निघाला! आता सज्जन पोलिसाशी भांडायचं कसं, हे व्हिडिओत कोणी दाखवतच नाही.

"लायसन्स?"

"मोबाईलमध्ये आहे. कायद्यानं चालतं."

"चालतं की. दाखवा."

"मग रेकॉर्डिंग बंद होईल."

"मग होऊ द्या."

"मग माझ्या हक्काचं काय?"

मागून आत्या म्हणते, "आरं मिथुन, तुजा कायदा मंग सांग, तवर पोरीची हलद सुकल."

उदयसिंहनं हेल्मेटमध्ये वाकून बघितलं. "गजऱ्यांना हेल्मेट, आणि आजींच्या डोक्याला काय?"

ते मात्र लागलं मला. सत्तरीची बाई, ट्रेलरच्या गर्दीतून उघड्या डोक्यानं आणली होती मी. खरंच लाज वाटली. पण तोंडातून काय निघावं? "कायदा माहिताय मला."

"मग चलान पण माहीत असेल."

तेवढ्यात त्यांची लेडी कॉन्स्टेबल, सुचिता, ड्यूटी संपवून घणसोलीला घरी निघालेली. म्हणाली, तळवली माझ्या घराशेजारीच, आजींना मी सोडते. तिच्या डिकीत दुसरं हेल्मेट! आत्यानं मुकाट घातलं, गजरे पदरात घेतले, स्कूटरवर बसली आणि गेली. मागं वळून पण बघितलं नाही हो. मी तिथंच, मोबाईलवर चलान, हातात रिकामं हेल्मेट.

सातला तळवलीला पोचलो. हळद लागत होती, आत्या वेळेवर पोचलेली, जीव भांड्यात पडला. आणि मग कानावर आलं काय गातेय ते...

"मामा कुठं र्‍हायला गो, मामा नाक्यावं र्‍हायला,
टोपी गजऱ्याला घालून गो, कायदा सांगाय लागला..."

मागं चाळीस बायका. सगळ्या सुरात. नवरी पाटावर हसून लोळतेय.

तेव्हापासून आत्यानं तो धवला सोडलाच नाही. तीन हळदी झाल्या, पार न्हावा शेव्याकडं गेला. नवरीला मामा नसला तरी माझाच गातात!

आता गाडीला दोन हेल्मेटं असतात. माझं तर मी हळदीच्या मांडवात पण काढत नाही. कायदा माहिताय हो, मांडवात सक्ती नाही. पण काढलं की ओळखतात.