एक वाजताची बाई

माझं माहेर अंबडच्या खालच्या अंगाचं, आन् दिलं मला इकडं बदनापूरच्या बाजूला, एक्याऐंशी-ब्याऐंशीचा सुमार असंल, साल काही मला बराबर सांगता येत न्हाई ताई, पण लग्नात मी पंधराची बी न्हवते एवढं आठवतं. आमचं घर बुद्धाच्या धर्मातलं. बापानं मला दोन वर्षं शाळेत घातलं आन् एक गोष्ट पक्की शिकवली, की भूत न्हाई, भानामती न्हाई, अंगात येणं न्हाई, हे सगळं आपण मागं सोडून आलो, परत त्या वाटेला जायाचं न्हाई. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्ही म्हणसाल गयाबाई काहीबाही मानती. मी मानत न्हाई. मी जे पाह्यलं तेवढंच सांगून राह्यले.

मालक माझे जालन्याला डाळमिलवर, आठवड्याला एकदा घरी यायचे. लेकरू लई वर्षं न्हवतं, मंग मंगल झाली, एकच. मंगल पायानं चालाय लागली तवापासून माझ्या संगं वावरात. आमच्याकडं सरकीच्या बियाण्याचे प्लॉट, तुम्हाला माहीत असंल, सगळं क्रॉसिंगचं काम. म्हणजे काय, तर दुपारनंतर कपाशीच्या कळ्या नखानं सोलायच्या, आतलं नराचं सगळं काढून टाकायचं, लाल खूण अडकवायची, आन् दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या झाडाचं फूल आणून त्याच्यावर हळूच घासायचं. ह्याला बोटं बारीक लागतात. म्हणून पोरी लागतात. दोन महिने शाळेतून पोरी गायब, मास्तर बी काही बोलत न्हवता. आता वाटतं चूक व्हतं, तवा सगळ्याच नेत व्हत्या, मी बी नेली.

त्या प्लॉटवर शेजारच्या कडूबाची सिंधू बी यायची. मंगलच्या बरोबरीची, दहा-अकराची. दोघी एका ओळीत, एका दुरडीत कळ्या, भाकर एका फडक्यात. एक दिवस सिंधू पाण्याच्या हिरीत पडली. दुपारची टाइम, आम्ही बाया लांबच्या ओळीला व्हतो. प्लॉटच्या मुकादमानंच आरडून सांगितलं की पोरीचा पाय घसरला. काढली तवा काही राह्यलं न्हवतं. कडूबा हिरीच्या काठाला बसला तो उठंच ना. आन् माझी मंगल मोटरच्या खोलीच्या भिंतीला टेकून उभी, डोळे असे, मोठ्ठे. तिला म्हणलं चल बाई घरी, आली. पण त्या दिवसापासून तिचं बोलणं बंद.

बंद म्हणजे काय सांगू तुम्हाला, बिलकुल बंद. हू न्हाई का चू न्हाई. सासू म्हणली दर्ग्याला न्या, कोणी म्हणलं अंगारा लावा, मालक म्हणले आपल्यात चालत न्हाई, डाक्टरला दाखवू. जालन्याच्या डाक्टरनं घसा पाह्यला, घसा चांगला हाय म्हणला, भ्याली हाय, बोलंल हळूहळू. मालकानं मंग तिच्यासाठी जुना टीव्ही आणला मिलमधल्या कोणाचा तरी, काळापांढरा, एवढासाच. गावात केबल नवीनच आल्ती, इसाकचाचाची. चाचा म्हातारा माणूस, आधी रेडिओ दुरुस्त करायचा. त्यानं वायर टाकली आन् मंगल टीव्हीसमोर बसली.

दुपारी एक वाजता कार्टून लागायचं. तिकडचं, परदेशातलं, बोलणं सगळं इंग्रजी, आम्हाला काय कळणार. पण बघायला भाषा कशाला लागती. तसल्या कार्टूनमंदी मी दोन-चार बाया पाह्यल्या, एक ढालवाली व्हती, एक विमान हाणायची, लई जोरदार बाया, पण ही एक वाजताची बाई येगळी. उंच, अंगात कोट, पायात मोठाले बूट, केस मोकळे, हातात लांब काठी. उभी राह्यली की डावा हात पाठीमागं आन् एक पाय पुढं. आन् तिच्या मागं कोणी यायचं न्हाई. आपल्या शिणमात बाई लढाय लागली की मला ठाव असायचं, आता कुठून तरी गडी येणार. इथं कोणीच येत न्हवतं. समोरची माणसं धडाधड पडायची आन् ती एकलीच मागं वळून चालाय लागायची. मला बी बघू वाटायचं. सकाळचं काम करून घरी यायचं, भाकर खायाची, ती बाई बघायची आन् तीनला परत वावरात जायाचं.

मंगल तिच्यासारखी उभी राहाय लागली. अंगणात, न्हाणीत, कुठंबी. डावा हात मागं. मला हसू यायचं. एकदा पाटीवर चितारली तिनं ती बाई, बराबर तशीच, आन् विटकरीचा तुकडा घेऊन केस लाल केले. मी म्हणलं अगं केस लाल कुठं असतात, काळे कर. तिनं मान हलवली, न्हाई. मी ते सोडून दिलं. आमच्या टीव्हीत रंगच न्हवता ताई. हे मला तवा सुचलंच न्हाई.

तवर दुसरा हंगाम आला. तोच प्लॉट, तोच मुकादम. मंगलला नेताना मला काही वाटलं न्हाई, खरं सांगते. पोळा झाला, गणपती झाले. एक दिवस मी भाकरी टाकून चुलीजवळून उठले, हात धुवायला गेले, तर घरात बोलणं ऐकू आलं. बारीक आवाज. मी दाराशी आले. मंगल टीव्हीसमोर बसलेली, माझ्याकडं पाठ. आन् टीव्हीत ती बाई, पण लढत न्हवती. नुसती उभी. इकडं तोंड करून, खाली बघून, जशी कोणी लेकराचं ऐकतं तशी. मागचं चित्र बी हलत न्हवतं. आन् आवाज टीव्हीचा न्हवता, माझ्या पोरीचा व्हता. वर्षानं ऐकला मी तो.

ती सांगून राह्यली व्हती. मुकादम सिंधूला पाण्याची बादली आण म्हणला. मोटरच्या खोलीत बोलावलं. सिंधू आतून पळत आली, तो मागं आला, सिंधूनं मागं पाह्यलं आन् समोर हीर व्हती. मी भिंतीमागं व्हते, त्यानं मला पाह्यलं, तोंडावर बोट ठिवलं. आता तो मला म्हणतो बादली आण. दोनदा म्हणला. मी गेले न्हाई.

एवढं बोलली आन् गप झाली. ती बाई तशीच. मंग पडद्यावर बारीक मुंग्या आल्या आन् चित्र गेलं.

आता तुम्ही इचारसाल, गयाबाई तुम्ही काय केलं. मी काहीच केलं न्हाई. उलट्या पावलानं चुलीजवळ गेले आन् बसले. मला वाटलं मुकादम प्लॉटवाल्याचा माणूस, कोण ऐकंल आपलं, पोरीचं नाव खराब होईल, मालक घरी येऊ द्या मंग बघू. असं वाटलं. आन् तीन वाजता पोरीला घेऊन मी परत त्याच प्लॉटवर गेले. हे मी कोणाला सांगितलेलं न्हाई.

चौथ्या दिवशीची गोष्ट, दसऱ्याच्या आधी. दुपार उतरली व्हती. मी ओळीत वाकलेले. मुकादम आला, मंगलसमोर उभा राह्यला, म्हणला पोरी, बादली आण. मी ऐकलं. मंगलनं माझ्याकडं पाह्यलं. माझ्या हातात कळी व्हती, ती मी सोलीत राह्यले. माझी मान वर झाली न्हाई ताई. मंगल उठली आन् चालाय लागली, तो मागून गेला, आन् मी दुसरी कळी घेतली.

मंग आरडा ऐकू आला. पोरीचा न्हाई, गड्याचा. तवा कुठं माझे पाय उठले. पळत गेले तर मुकादम हिरीजवळ खाली पडलेला, उजवा हात कोपरातून भलतीकडंच वळलेला. मंगल त्याच्यासमोर, हातात बादली काढायची बांबूची काठी, डावा हात पाठीमागं, एक पाय पुढं. दम बी लागलेला न्हवता तिला. आन् मुकादम तिच्याकडं बघतच न्हवता. तिच्या डोक्याच्या वर बघत व्हता, मागं, जसं कोणी उंच माणूस उभं असावं. मला म्हणला, गयाबाई, ह्या बाईला हटवा. कोणती बाई, मी म्हणलं. लाल केसाची, म्हणला. ही, हिला हटवा, मी ढकललं न्हाई त्या पोरीला, ती पळता पळता पडली, मी खोलीत बोलावलं एवढंच, हटवा हिला.

तिथं मी, मंगल आन् तो, बाकी कोणी न्हवतं.

खाली चिखल व्हता, मोटरचं पाणी सांडतं ना. मंगलच्या अनवाणी पायाचे ठसे मला दिसले, एक पाय पुढं, एक मागं. आन् तिच्या ठशांच्या बराबर एक पाऊल मागं अजून दोन ठसे. बुटाचे. मोठाले, खोल गेलेले. मुकादम चपला घालायचा. प्लॉटवर बूट कोणाकडंच न्हवते. बाया येऊन राह्यल्या व्हत्या पळत, त्यांचा आवाज जवळ आला, आन् मी काय केलं, पायानं ते ठसे मोडले. का मोडले मला सांगता येत न्हाई. वाटलं, हे कोणी बघू न्हाई. मंग जाऊन मंगलच्या हातातली काठी घेतली. गरम व्हती काठी.

मुकादम बायांसमोर बी तेच बडबडला, कडूबासमोर बी, गावच्या पाटलासमोर बी. कोणी मारलं न्हाई, कोणी इचारलं न्हाई, तो आपणहून सांगत सुटला. कडूबानं सगळं ऐकलं आन् बदनापूरला ठाण्यात जाऊन तक्रारीचा कागद करून आला. मुकादमाला नेलं. पुढं केस चालली, साक्षीला मी गेले, मुकादमाच्या तोंडून जे ऐकलं ते सांगितलं. थोडी वर्षं बसला आत, मंग सुटला, कुठं गेला ठाव न्हाई. लोक म्हणायचे त्याला बाई दिसून राह्यली अजून. मी इचारलं न्हाई कोणाला.

त्या दिवसानंतर एक वाजता टीव्ही लावला तर नुसत्या मुंग्या. दुसऱ्या दिवशी बी मुंग्या. मी इसाकचाचाकडं गेले, म्हणलं चाचा, ते एक वाजताचं बंद पडलंय. कोणतं, म्हणला. मी बटनाचा नंबर सांगितला. चाचानं चष्मा काढला. भाबी, म्हणला, वो नंबर तो खाली है. पोळे के बाद से उसपे कुछ नै आता. चॅनलवाले म्हणले चित्र दिसायला येगळा डबा इकत घ्या, मी घेतला न्हाई, मुंग्याच हैत तिथं गावभर. मी म्हणलं आम्ही तर गणपतीनंतर बी पाह्यलं. चाचा माझ्याकडं बघतच राह्यला. मंग म्हणला, बच्ची ठीक है ना. मी म्हणलं हाय. म्हणला मंग घरी जा, आन् कुणाकडं बोलू नका.

मी मालकाला सुद्धा बोलले न्हाई. बापाची शिकवण व्हती ना. पण त्या दिवसापासून मंगलला प्लॉटवर नेली न्हाई. मीच जात व्हते, आन् दुसऱ्या बायांच्या पोरी दिसल्या की मधल्या ओळीत घ्यायची, कोणालाबी एकलीला पाण्याला जाऊ द्यायची न्हाई. बाया हसायच्या, मंग त्या बी तसंच कराय लागल्या. मंगल शाळेत गेली परत. बोलाय लागली, पण कमीच, मोजकं. शिकली बारावीपर्यंत. आता अंबडला दिलीय, अंगणवाडीत मदतनीस हाय, माणूस चांगला भेटला. टीव्ही हाय तिच्या घरात, रंगीत, मोठा, ती बघत न्हाई.

गेल्या उन्हाळ्यात आल्ती. आम्ही दोघी गहू निवडीत बसल्तो. मला काय झालं कोण जाणे, मी इचारलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हणलं मंगल, तू त्या बाईला सांगितलं म्हणून ती आली का गं?

मंगलनं सूप खाली ठिवलं. म्हणली, आई, मी तिला न्हवते सांगत. मी तुला सांगून राह्यले व्हते. तू दारात उभी व्हती, तुझी सावली पडल्ती माझ्या पुढ्यात. तू आत येशील म्हणून मी थांबले. तू आली न्हाई, मंग ती आली.

पोरगी रागानं न्हवती बोलली, जसं भाजी आणली म्हणून सांगावं तसं सांगितलं तिनं, आन् परत खडे येचाय लागली. मी उठून तिच्या बाजूला जाऊन बसले, एवढंच. ती जराशी सरकली, मला जागा केली. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागला. तशाच आम्ही सगळे गहू निवडले.

तिला सुखी ठेवो जे कोणी ठेवत असंल ते. माझं आता काय राह्यलंय, गुडघे गेले, डोळ्याला कमी दिसतं. ऐकू चांगलं येतं.