मुसलमान कसा बोलतो

कागलच्या एसटीच्या रांगेत गावातल्या दादानं विचारलं आणि सकाळपासून धुमसणाऱ्या दस्तगीर शिंप्याचा भडका उडाला.

"शूटिंगला गेलतास न्हवं?"

"हाकललं, दादा."

"का रं?"

"मुसलमान शिंपी पायजे हुता. मी तोंड उघडलं, तर डायरेक्टर म्हणतोय, 'मराठी कशाला? मुसलमानासारखं बोला!' म्हटलं, सायेब, चाळीस वर्सं असंच बोलतोय की. तर म्हणतोय, 'लोकांना पटणार नाही.'"

"मग घेतलं कुणाला?"

"शाळेतल्या यज्ञेश्वर मास्तरांना. सुरमा घालून 'हम, तुम' करत्यात."

"आयला! आन् तू?"

"मास्तरांना लुंगी नेसता येईना. मला म्हणाले, तुम्ही नेसवा."

"नेसवलीस?"

"मला कुठं येतीया? जल्मभर धोतर नेसलोय!"

दादा हसला. मग त्याची नजर दस्तगीरच्या धोतरावर गेली.