कंबर बत्तीस

दातांच्या डॉक्टरांकडे सुजलेला गाल धरून बसलेल्या तत्त्वज्ञानाच्या बाईंनी आवाज ओळखला आणि चटकन वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. पलीकडच्या बाकावर त्यांची पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी बसली होती, शेजारी तिचे शिंपी वडील.

"बाबा, मी हा विषय सोडतेय. अख्ख्या निबंधावर बाईंनी लाल शाईनं एकच शब्द लिहिलाय. कशावरून? कशावरून? अकरा वेळा!"

"गिऱ्हाईक म्हणतं, माझी कंबर बत्तीस. मी मानतो?"

"छे! तुम्ही आधी टेप लावता."

"का बरं?"

"लोक लग्नाच्या वेळचं माप सांगतात म्हणून."

"मग तुझ्या बाईसुद्धा टेपच लावतायत. उसव आणि पुन्हा शिव. कापड चांगलं आहे."

"कशावरून?"

"काल दुकानात तुझा निबंध दोनदा वाचला. पहिल्यांदा सगळा डोक्यावरून गेला. दुसऱ्यांदा मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडायलाच लागलो. त्या नादात डावी बाही उजवीकडे जोडली."

"काय सांगता! मग?"

"मग काय, सकाळी उसवली. पण सुखाबद्दलचं तुझं ते म्हणणं मला अजून पटलेलं नाही हं."

"का नाही पटलं? ऐका तर!"

आतून बाईंचा नंबर पुकारला गेला. त्यांनी गाल दाबत शेजारच्या आजोबांना पुढे जायची खूण केली.